डाळिंबाच्या तेल्यावरचा पेपर: कुठे पाठवायचा, आणि त्याआधी काय करायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही सोलापूर जिल्ह्यातल्या एका अभियांत्रिकी कॉलेजात शिकवता, सोबत पीएच.डी. चालू आहे. डाळिंबावरचा तेल्या रोग मोबाइलच्या फोटोवरून ओळखणारं डीप लर्निंग मॉडेल तुम्ही केलंय. चार बागांतले २,४०० फोटो, ऑगमेंटेशन करून (तेच फोटो फिरवून, बदलून संख्या वाढवून) १२,०००, ॲक्युरसी ९८ टक्के. गाईड म्हणतात, ‘स्कोपस क्यू-वन’लाच द्या, म्हणजे स्कोपस या जर्नलांच्या सूचीतल्या सर्वांत वरच्या चतुर्थकातल्या जर्नलला. व्हॉट्सॲपवर एकाने वीस दिवसांत छापून देतो म्हणून पैसे मागितलेत. आणि तुम्हाला हवंय ते एका जर्नलचं नाव आणि पेपर लिहायचा साचा.

मी संगणक-दृष्टी या विषयातल्या जर्नलांसाठी बरीच वर्षं परीक्षण करते, विद्यार्थ्यांचे पेपरही माझ्या हाताखालून जातात. त्या अनुभवावरून सांगते, जर्नलचं नाव हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की तुमचा पेपर एका वाक्यात काय म्हणतो, आणि ते वाक्य तुमच्या हातातल्या पुराव्यावर उभं राहतं का. हे वाक्य ठरलं की जर्नल, शीर्षक, तक्ते, रिव्ह्यूअरला द्यायचं उत्तर, सगळं त्यातून निघतं. ते ठरलेलं नसेल तर पेपर कुठेही पाठवा, अडतो तिथेच.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच बाजूला काढते. यूजीसीच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमांत प्रबंध सादर करण्यापूर्वी पेपर छापून आलेला असण्याची सक्ती राहिलेली नाही, पण विद्यापीठं स्वतःचे नियम ठेवू शकतात. म्हणून तुमच्या विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागाकडून लेखी नियम मागून घ्या. ऐकीव माहितीवर जाऊ नका. यूजीसी-केअर ही मान्य जर्नलांची यादी आयोगाने २०२५ मध्ये बंद केली, तरी अनेक कॉलेजांत अजून तिच्याच नावाने चर्चा चालते. प्रबंध सादर करायला तुमच्या हातात सहा महिने आहेत की दोन वर्षं, यावरही बरंच ठरतं. चांगल्या जर्नलमध्ये पहिला निर्णय यायला तीन-चार महिने लागणं अगदी सामान्य आहे, आणि दुरुस्तीच्या फेऱ्या धरल्या तर वर्ष सहज जातं.

आता मूळ मुद्दा. ‘आमच्या मॉडेलची ॲक्युरसी ९८ टक्के आहे’ हा दावा नव्हे, तो आकडा आहे. तो कशाच्या तुलनेत, कोणत्या फोटोंवर, आणि त्यातून वाचणाऱ्याला नवीन काय कळलं, हे सांगितल्यावर त्याचा दावा होतो. वनस्पतिरोगांच्या फोटोंवर काम करणाऱ्या रिव्ह्यूअरला ९८ हा आकडा आज हलवत नाही. त्याचं कारण या क्षेत्राच्या इतिहासातच आहे. मोहंती, ह्यूज आणि सलाते यांचा २०१६ चा पेपर तुम्ही वाचलाच असेल. प्लांटव्हिलेज या वनस्पतिरोगांच्या फोटोसंग्रहातले ५४,३०६ फोटो, १४ पिकं, ३८ वर्ग, आणि बाजूला ठेवलेल्या टेस्ट फोटोंवर ९९.३५ टक्के. पण त्याच पेपरात पुढे लिहिलंय की वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या फोटोंवर तेच मॉडेल ३१ टक्क्यांच्या आसपास आलं. लेखकांनी हे लपवलं नाही, आणि माझ्या मते त्या पेपरातली सर्वांत कामाची ओळ तीच आहे. पुढे २०२२ मध्ये कुणीतरी त्याच डेटासेटमधल्या फोटोंच्या पार्श्वभूमीचे फक्त आठ पिक्सेल घेऊन मॉडेल शिकवलं, तर पान न बघताच ४९ टक्के उत्तरं बरोबर आली. म्हणजे फोटोत रोगाखेरीज इतर खुणाच इतक्या होत्या.

तुमच्याकडे हेच होत असण्याची शक्यता आहे, म्हणून जर्नल शोधण्याआधी दोन गोष्टी तपासा.

पहिली, ट्रेन (मॉडेलला शिकवायचे) आणि टेस्ट (तपासायचे) फोटो वेगळे कधी केले? आधी ऑगमेंटेशन करून १२,००० फोटो बनवले आणि मग त्यांची ८०-२० विभागणी केली असेल, तर एकाच फळाचा सरळ फोटो ट्रेनमध्ये आणि त्याचाच फिरवलेला फोटो टेस्टमध्ये गेला. मॉडेलने ते फळ आधीच पाहिलंय. मूळ २,४०० फोटो आधी वेगळे करा, ऑगमेंटेशन फक्त ट्रेनवर करा. एवढ्याने भागत नाही. बागेत फोटो काढताना आपण एकाच फळाचे तीन-चार कोनांतून फोटो घेतो, शेजारच्या झाडाचा त्याच उन्हात घेतो. म्हणून विभागणी फोटोनिहाय न करता बागनिहाय करा. सायकिट-लर्न या पायथन लायब्ररीत त्यासाठी ग्रुपकेफोल्ड नावाची सोय आहे. प्रत्येक फोटोला बागेचा क्रमांक द्या, तीन बागांवर शिकवा, चौथीवर तपासा, आणि हे चारही बागांसाठी फिरवून करा. आकडा उतरेल. ९८ चा ८५ झाला तरी घाबरू नका, तो ८५ खरा आहे.

दुसरी, लेबल (कोणता फोटो रोगट, कोणता निरोगी ही नोंद) कुणी लावली? तेल्या, म्हणजेच जीवाणूजन्य करपा, हा झॅन्थोमोनास जीवाणूचा रोग. सुरुवातीचे पाणीदार, तेलकट ठिपके आणि फळाला पडणारी चीर शेतकरी लांबूनही ओळखतो, पण कोवळ्या अवस्थेत बुरशीचे ठिपके आणि तेल्या यांत गल्लत होते. लेबल तुम्ही आणि तुमच्या विद्यार्थ्यांनी लावली असतील तर रिव्ह्यूअर पहिला प्रश्न तोच विचारेल. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र तुमच्या सोलापुरातच, केगावला आहे. तिथल्या किंवा कृषी विद्यापीठातल्या वनस्पतिरोगतज्ज्ञाला तीन-चारशे फोटो स्वतंत्रपणे लेबल करायला सांगा, तुमच्या लेबलांशी ते किती जुळतात ते काढा आणि कोहेनचा कप्पा (योगायोगाने जुळलेलं वगळून सहमती किती, याचं माप) पेपरात द्या. काम आठवड्याभराचं आहे, पण पेपरचा पाया त्याने पक्का होतो. तज्ज्ञाचा सहभाग मोठा असेल तर त्यांना सहलेखक करा, आणि हे काम सुरू होण्याआधी बोलून ठरवा.

हे झाल्यावर दावा काय करता येईल? मला तीन वाटा दिसतात. नवीन आर्किटेक्चर (मॉडेलची रचना) केलंय असं म्हणायचं असेल, तर ते नेमकं कुठे आणि का चांगलं चालतं हे एकेक भाग काढून दाखवावं लागेल. रेझनेट या प्रचलित मॉडेलला एक अटेन्शन थर जोडलाय एवढ्यावर चांगली जर्नलं आता थांबत नाहीत. डेटासेट हेच योगदान म्हणायचं असेल, तर तो खुला करावा लागेल आणि फोटो कसे, कधी, कोणत्या फोनने, कोणत्या वाणाचे घेतले याची नोंद द्यावी लागेल. तिसरी वाट मला तुमच्यासाठी सर्वांत योग्य वाटते: एका बागेत, एका बहारात (फळधारणेच्या हंगामात) शिकवलेलं मॉडेल दुसऱ्या बागेत, दुसऱ्या बहारात किती टिकतं? तुमचे फोटो मृग बहारातले असतील, तर पावसामुळे तेल्याचा जोर तेव्हाच जास्त असतो. हस्त बहारात रोगाचं प्रमाण वेगळं, ऊन वेगळं, पानांचा रंगही वेगळा. हस्त बहाराचे पाचशे-सहाशे फोटो काढून आणा आणि मॉडेल जसंच्या तसं त्यांवर चालवा. डाळिंब पिकवणाऱ्या भागात राहणारा संशोधकच हा प्रयोग सहज करू शकतो. परदेशातल्या प्रयोगशाळेला तो सुचणारही नाही. याचा निकाल चांगला येवो वा वाईट, पेपर होतो.

आकड्यांविषयी एक गोष्ट सविस्तर सांगते, कारण बहुतेक पेपर इथे सैल असतात. समजा टेस्टमध्ये ३०० फोटो आहेत आणि २९४ बरोबर आले, म्हणजे ९८ टक्के. त्याचा ९५ टक्के विश्वासांतर (खरा आकडा ज्यात असावा असा पट्टा) विल्सनच्या पद्धतीने काढला तर तो साधारण ९५.७ ते ९९.१ येतो. बेसलाइन, म्हणजे तुलनेसाठी घेतलेल्या मॉडेलला ९७ टक्के असतील तर तो आकडा याच पट्ट्यात बसतो. मग ‘आमचं मॉडेल सरस आहे’ हे वाक्य या पुराव्यावर लिहिता येत नाही. दोन्ही मॉडेलं त्याच फोटोंवर चालवली असतील तर मॅकनेमर चाचणी करा; दोघांच्या चुकांतला फरक योगायोगाचा आहे का ते तिने कळतं. प्रत्येक मॉडेल किमान पाच वेगवेगळ्या सीडवर (यादृच्छिक सुरुवातीवर) शिकवून सरासरी आणि प्रमाण विचलन द्या. नुसती ॲक्युरसी देऊ नका. निरोगी फळांचे फोटो जास्त असतील तर सगळ्यालाच ‘निरोगी’ म्हणणारं मॉडेलही बरे गुण मिळवतं. शेतकऱ्याचं नुकसान रोग सुटल्याने होतं, म्हणून तेल्याचा रिकॉल (खऱ्या रोगट फोटोंपैकी मॉडेलने किती पकडले) वेगळा दाखवा.

आता जर्नल. तुमच्या संदर्भयादीतले ज्यांच्याशी तुम्ही खरोखर तुलना करताय असे दहा-बारा पेपर घ्या आणि ते कुठे छापलेत ते पाहा. तीन-चार नावं पुन्हा पुन्हा येतील, तुमचा वाचक तिथे आहे. बहार आणि बागांचा दावा असेल तर ‘कॉम्प्युटर्स अँड इलेक्ट्रॉनिक्स इन ॲग्रिकल्चर’सारखं जर्नल बसतं, कारण तिथल्या रिव्ह्यूअरला शेत माहीत असतं. योगदान मुख्यतः अल्गोरिदमचं असेल तर मशीन लर्निंगचं जर्नल बघा. २०२२ पासून निघणारं ‘ट्रान्झॅक्शन्स ऑन मशीन लर्निंग रिसर्च’ मला यासाठी आवडतं की तिथे दावे पुराव्याने सिद्ध होतात का आणि कुणाला तरी त्यात रस असेल का, एवढंच मुख्यतः पाहतात. आकडा सर्वांत मोठा असावा अशी अट नाही. भारतीय विज्ञान अकादमीचं ‘साधना’ हाही अभियांत्रिकीसाठी चांगला पर्याय आहे. निवडलेल्या जर्नलचे गेल्या वर्षभरातले पाच पेपर पूर्ण वाचा, तेवढ्यात ते काय स्वीकारतात ते कळतं.

क्यू-वनबद्दल गाईडशी बोलताना हे लक्षात असू द्या की स्कोपसच्या आकडेवारीवर सायमॅगो जी चतुर्थकं काढतं, ती आणि क्लॅरिव्हेट या दुसऱ्या कंपनीच्या अहवालातली चतुर्थकं वेगळी असतात. एकच जर्नल एका विषयात क्यू-वन आणि दुसऱ्यात क्यू-टू असू शकतं. विद्यापीठाला नेमकं कोणतं चालतं ते विचारा.

पैशाचंही इथेच सांगते. एल्सेव्हियर, स्प्रिंगर या प्रकाशकांची बरीच जर्नलं हायब्रिड आहेत, म्हणजे त्यांत सबस्क्रिप्शन आणि ओपन ॲक्सेस (वाचकाला फुकट) असे दोन्ही मार्ग असतात. सबस्क्रिप्शनचा मार्ग निवडला तर लेखकाला काहीही द्यावं लागत नाही. पूर्ण ओपन ॲक्सेस जर्नलांची फी अनेकदा लाख रुपयांच्या वर जाते, पण ती पेपर स्वीकारल्यानंतर, प्रकाशकाच्या संकेतस्थळावरून भरायची असते. व्हॉट्सॲपवरच्या माणसाच्या खात्यावर भरायची कधीच नसते. त्याला उत्तरच देऊ नका. वीस दिवसांत खरं परीक्षण होत नाही, आणि असे लोक अनेकदा खऱ्या जर्नलचं नाव आणि आयएसएसएन (जर्नलचा ओळख क्रमांक) लावून उभं केलेलं बनावट संकेतस्थळ दाखवतात. स्कोपसची सोर्सेस यादी कुणालाही फुकट पाहता येते. तिथे आयएसएसएन टाका, कव्हरेज कोणत्या वर्षापर्यंत आहे ते बघा, आणि संकेतस्थळावर प्रकाशकाच्या मुख्य पानावरून जा. यादीत आहे म्हणजे कायम सुरक्षित, असंही नाही. वायलीने विकत घेतलेल्या हिंदावी या प्रकाशकाच्या जर्नलांतून २०२३ या एका वर्षात आठ हजारांहून जास्त पेपर मागे घेतले गेले, आणि ‘कॉम्प्युटेशनल इंटेलिजन्स अँड न्यूरोसायन्स’ हे आपल्या विषयातलं जर्नल बंदच झालं. त्यात प्रामाणिक लेखकही होते, ज्यांच्या पेपरच्या शेजारी विकत घेतलेले पेपर छापले गेले.

लिहिण्याचा क्रम मी विद्यार्थ्यांना असा सांगते: आधी तक्ते आणि आकृत्या, मग पद्धत, मग निष्कर्ष, मग प्रस्तावना, आणि गोषवारा सर्वांत शेवटी. तक्ते समोर मांडले की कोणता प्रयोग राहिलाय ते लगेच दिसतं. आधीच्या कामाचा आढावा ‘अमुकने सीएनएन वापरलं, तमुकने व्हीजीजी वापरलं’ अशा ओळींनी भरू नका. तुमच्या दाव्याच्या अंगाने गट पाडा: कुणी प्रयोगशाळेतल्या फोटोंवर तपासलं, कुणी शेतातल्या, कुणी वेगळ्या हंगामातल्या. शेवटच्या गटात फार कुणी नाही हे दिसलं की तुमच्या कामाची गरज वेगळी पटवावी लागत नाही.

गोषवाऱ्याचं एक उदाहरण देते. माझ्याकडे येणाऱ्या पेपरांची सुरुवात साधारण अशी असते: ‘शेती हा भारतीय अर्थव्यवस्थेचा कणा आहे. रोगांमुळे मोठं नुकसान होतं. या पेपरात आम्ही एक नवीन, कार्यक्षम, मजबूत डीप लर्निंग मॉडेल मांडतो, ज्याने ९८ टक्के ॲक्युरसी मिळवली.’ यातून एडिटरला काहीही कळत नाही. तुमच्यासाठी मी असं लिहीन: ‘डाळिंबावरील जीवाणूजन्य करपा फोटोवरून ओळखणारी मॉडेलं सहसा ज्या बागेत शिकवली त्याच बागेत तपासली जातात. आम्ही चार बागा आणि दोन बहारांतले, तज्ज्ञांनी तपासलेले फोटो वापरून, न पाहिलेल्या बागेत आणि बहारात मॉडेल किती टिकतं ते मोजलं. फोटोनिहाय विभागणीत इतके टक्के मिळणारा रिकॉल बागनिहाय विभागणीत इतका उतरतो. नव्या बागेतले मोजके फोटो शिकवण्यात घेतले तर तो इतका सावरतो.’ रिकाम्या जागी तुमचे आकडे येतील. ‘नवीन’ आणि ‘कार्यक्षम’ हे शब्द नसतानाही वाचणाऱ्याला नवीन काय ते समजतं.

इंग्रजी अलंकारिक नको, वाक्यं छोटी ठेवा. एआय साधनाने भाषा सुधारली असेल तर जर्नलच्या नियमाप्रमाणे तसं जाहीर करा. पण प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून बघा, कारण अस्तित्वातच नसलेला एक संदर्भ सापडला की एडिटरचा पूर्ण पेपरवरचा विश्वास उडतो. सिमिलॅरिटीबद्दल (दुसऱ्यांच्या मजकुराशी जुळणाऱ्या भागाबद्दल) यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंत कारवाई नाही, पण तो नियम तुमच्या विद्यापीठापुरता. जर्नलला तुमचा आकडा आठ असला तरी त्यातला सलग एक परिच्छेद दुसऱ्याचा असेल तर तो चालत नाही.

सबमिशनच्या दिवशीची कामं किरकोळ, पण पेपर परत येतो तो त्यांच्यामुळेच. लेखकांसाठीच्या सूचना पुन्हा वाचा. परीक्षण डबल-ब्लाइंड (लेखक आणि रिव्ह्यूअर दोघांचीही नावं एकमेकांपासून लपवलेली) असेल तर नावं, आभार आणि गिटहबची लिंक काढा. फोटोत कॉलेजची पाटी दिसत असेल तर तीही. एल्सेव्हियर हायलाइट्स, म्हणजे पेपरचे ठळक मुद्दे, मागतं: तीन ते पाच ओळी, प्रत्येकी स्पेस धरून जास्तीत जास्त ८५ अक्षरं. सगळ्या लेखकांचे ऑर्किड (संशोधकाची ओळख सांगणारे) क्रमांक जवळ ठेवा, आणि प्रत्येकाने अंतिम मसुदा वाचून होकार दिलाय याची खात्री करा. फोटो शेतकऱ्यांच्या बागेतले आहेत, तर त्यांची परवानगी घेतल्याचं लिहा. सुचवायचे रिव्ह्यूअर ओळखीतले किंवा सहलेखक नकोत, आणि त्यांचा पत्ता संस्थेच्या ईमेलचाच द्या. कव्हर लेटर अर्ध्या पानाचं पुरे: दावा काय, तो याच जर्नलच्या वाचकाला का हवा, आणि पेपर दुसरीकडे कुठेही विचाराधीन नाही. एकाच वेळी दोन जर्नलांना पाठवू नका, हा सगळीकडे गैरप्रकार मानला जातो. काही भाग आधी परिषदेत छापला असेल तर तो जाहीर करून काय नवीन आहे ते सांगा; किती नवीन हवं ते जर्नलगणिक बदलतं, एसीएम ही संगणकशास्त्राची संस्था किमान २५ टक्के म्हणते.

मेजर रिव्हिजन (मोठ्या दुरुस्त्या करून पुन्हा पाठवा असा निर्णय) आली तर तो होकाराचा दरवाजा अर्धा उघडलाय असं समजा. उत्तर लिहिताना रिव्ह्यूअरचं वाक्य जसंच्या तसं, त्याखाली तुमचं उत्तर, त्याखाली पेपरात कुठे काय बदललं ते पान आणि ओळीसह. समजा त्याने लिहिलं, ‘लेखकांनी यूलो आणि व्हिजन ट्रान्सफॉर्मर यांच्याशी तुलना केलेली नाही.’ यातला अर्धा भाग रास्त आहे, अर्धा नाही. उत्तर असं: ‘व्हिजन ट्रान्सफॉर्मरची तुलना आता तक्ता ४ मध्ये दिली आहे, बागनिहाय विभागणीत त्याचाही रिकॉल तसाच उतरतो, आणि आमच्या निष्कर्षाला त्याने बळ मिळतं. यूलो फोटोतली वस्तू कुठे आहे ते शोधतं. आमचं काम पूर्ण फोटोचं वर्गीकरण असल्याने आणि डेटासेटमध्ये चौकटी आखलेल्या नसल्याने ती तुलना इथे करता आली नाही. ही मर्यादा विभाग ६ मध्ये नोंदवली आहे.’ जे मान्य ते करून दाखवा, जे अमान्य त्याचं कारण द्या. कुणी स्वतःचेच पाच-सहा असंबद्ध पेपर उद्धृत करायला सांगितले, तर संबंधित असेल तेवढाच घ्या आणि बाकीच्यांबद्दल एडिटरला स्वतंत्रपणे लिहा.

रिजेक्ट झाला तर त्याच रात्री दुसऱ्या जर्नलला पाठवू नका. ‘व्याप्तीत बसत नाही’ असं एडिटरनेच आठवड्यात कळवलं असेल तर जर्नल चुकलं, पेपर तसाच राहू द्या आणि यादीतलं पुढचं नाव घ्या. रिव्ह्यू होऊन परत आला असेल तर आधी त्या सूचनांप्रमाणे दुरुस्ती करा. हे क्षेत्र लहान आहे, पुढच्या जर्नलमध्ये तोच रिव्ह्यूअर भेटण्याची शक्यता खरी आहे, आणि न बदललेला पेपर त्याला पहिल्या पानावरच ओळखू येतो. पाठवण्याआधी कव्हर लेटर आणि फाइलच्या नावांतून आधीच्या जर्नलचं नाव काढा.

आता लगेच करण्यासारखं काम म्हणजे बागनिहाय विभागणी. फोटो तुमच्याकडे आहेतच. तो आकडा हातात आला की गाईडना दाखवा आणि मग जर्नलची चर्चा करा. हस्त बहाराचे फोटो काढायचे असतील तर फळं मोठी व्हायच्या आत बागेत जायला लागा, आणि प्रत्येक फोटोसोबत बाग, झाड, वाण आणि तारीख जागेवरच वहीत लिहून ठेवा.